उगारेंच्या गोदामावरचा सांडवा

पहिली वीट माझ्या डोक्यावरून गेली तेव्हा मी गोदामाच्या पत्र्यावर गुडघे टेकून, टेप ताणून बसले होते. दुसरी शेजारीच आदळली. पत्रा असा दणाणला की खाली हळद निवडणाऱ्या बायका किंचाळल्या.

“खाली वाका, म्याडम!” मलगोंडा उगारे ओरडला. स्वतः मात्र वाकला नाही. त्यानं ती वीट उचलली आणि आल्या वाटेनं परत पाठवली. मधल्या भिंतीपलीकडून एक कचकचीत शिवी आली, त्यावरून त्याचा नेम चुकल्याचं कळलं.

“कोण आहे तिकडं?” मी विचारलं.

“भाऊ हाय माझा. कल्लाप्पा. धाकटा.”

“मग विटा कशाला मारतोय?”

“तुमी त्याच्या भिंतीला टेप लावला नव्हं.”

माझं नाव मृदुला. आईवडिलांनी पोरीचा स्वभाव कळायच्या आत बारसं उरकलं, त्याला मी काय करणार! मी उठून उभी राहिले आणि भिंतीपलीकडच्या माणसाला त्याच्याच भाषेत चार शब्द सुनावले. मग भिंतीवर एक मुंडकं वर आलं. एका कानाची पाळी अर्धी तुटलेली.

“बाईमाणूस हाय व्हय?” कल्लाप्पा म्हणाला. “आधी सांगायचं की. लागली असती म्हंजे?”

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ज्या तिघांची ही गोष्ट, त्यांतलं आता कुणीच राहिलं नाही, म्हणून सांगते. नाहीतर माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नसतं.

गोदाम मिरजेच्या बाहेर होतं, हळदीचं. या भावांच्या वडिलांनी, सिदगोंडा उगारेंनी बांधलेलं. म्हाताऱ्याला हौस दांडगी. आपलं पत्र्याचं शेड आहे हे रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून त्यानं चारी बाजूंनी पत्र्याच्याही वर विटांचा कठडा चढवला आणि दर्शनी बाजूला सिमेंटच्या हातभर अक्षरांत स्वतःचं नाव काढून घेतलं. कठड्याच्या आत दोन लांबलचक छपरं, दोन्हींचा उतार मध्याकडे, आणि मध्ये सगळं पाणी वाहून नेणारी एक रुंद, चौकोनी पन्हळ. पन्हळी बांधून देण्याच्या आमच्या धंद्यात तिला बॉक्स गटर म्हणतात.

साध्या छपराचं बरं असतं. पाणी जास्त झालं तर पागोळ्यांनी बाहेर पडतं, फार तर शेजारी भांडायला येतो. पण चारी बाजूंनी कठडा घातला की छपराचा हौद होतो. पन्हळ तुंबली तर पाण्याला जायला एकच जागा उरते, ती म्हणजे घराच्या आत. म्हणून अशा पन्हळीला दोन वाटा ठेवायच्या असतात. एक रोजची, नळाची. दुसरी अडीअडचणीची: कठड्यातून आरपार एक तोंड काढायचं, पत्र्याच्या कडेपेक्षा खालच्या पातळीला. धरणाला सांडवा असतो तसा. मी सांडव्याशिवाय पन्हळ कुणालाच काढून दिली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

म्हातारा गेला आणि वाटण्या झाल्या. पूर्वेचं छप्पर थोरल्या मलगोंडाचं, पश्चिमेचं कल्लाप्पाचं, आणि मागचं अंगणही कल्लाप्पाचं. कल्लाप्पानं तिरीमिरीत भर पन्हळीतून भिंत उठवली. पन्हळीचे दोन भाग झाले आणि पाणी जायचा नळ त्याच्या भागात गेला. त्या पावसात मलगोंडाच्या हळदीची पोती भिजून सडली. तो वर चढला, भिंत फोडली आणि धाकट्याचा कानही तोडला. पुढच्या वर्षी धाकट्यानं भिंत परत बांधली आणि थोरल्याचा हात कोपरात मोडला. तो हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. पावसाळा जवळ आला की गावातले लोक उगारेंच्यात यंदा कुणाचं काय मोडणार याची चर्चा चवीनं करायचे.

मला बोलावलं होतं त्यांच्या बहिणीनं. इंदाक्का दोघांहून मोठी. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आई नसलेले हे दोघे तिनंच वाढवले. मलगोंडाच्या गोदामात बायकांवर देखरेख करायची, सकाळी एका भावाकडे जेवायची, संध्याकाळी दुसऱ्याकडे. त्या घरात दोन्ही उंबरे ओलांडणारं तेवढं एकच माणूस होतं.

मी शिडीवरून उतरले तेव्हा ती खाली उभी होती, शिडीपासून चार पावलं लांब.

“वर या की आक्का. कुठं काय करायचं ते दाखवते.”

“नगं बाई. दोन पायऱ्या चढलं की मला गरगरतं. ल्हानपणी माळ्यावरनं पडले ती पडलेच.” तिनं माझ्या हातात चहा दिला आणि पदरानं माझ्या गालावरची विटेची धूळ पुसली. “मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी अशी पन्हळ बांधा की माझे दोन्ही भाऊ जित्ते राहतील. बाकी गळली तर गळू दे.”

असली मागणी माझ्याकडे कुणी केली नव्हती. मी हसले. ती हसली नाही, तेव्हा मीही हसायची थांबले.

तिला समजावं म्हणून मी एक परात मागवली आणि ती पाण्यानं काठोकाठ भरली. “आता आणखी ओता,” मी म्हणाले. तिनं ओतलं. पाणी तिच्याच पायावर सांडलं. “बघा आक्का. भरलं की ते कुठूनतरी जाणारच. कुठून जायचं ते आधी आपण ठरवायचं. नाहीतर ते स्वतः ठरवतं.”

ती बराच वेळ परातीकडे बघत राहिली. पाय मात्र तिनं मागे घेतला नाही.

मलगोंडाचा रोजचा नळ मी त्याच्याच शेडमधून खाली आणून रस्त्याकडेच्या गटारीला सोडायचं ठरवलं. त्याला दोघांपैकी कुणाची हरकत नव्हती. घोडं अडलं ते सांडव्यापाशी. पन्हळीला टोकं दोनच. पुढच्या टोकाला सांडवा काढायचा तर सिदगोंडाच्या नावातलं अक्षर फोडावं लागत होतं. मागच्या टोकाला काढायचा तर पाणी कल्लाप्पाच्या अंगणात पडणार.

“बापाच्या नावाला छिन्नी लावणाऱ्याचा हात जाग्यावर ठेवणार न्हाई,” मलगोंडा म्हणाला.

“माझ्या अंगणात त्याच्या पाण्याचा थेंब पडला तर त्याच थेंबात त्याला बुडवीन,” कल्लाप्पा म्हणाला.

“मग सांडवाच नको,” दोघंही म्हणाले. वाटणीनंतर त्यांचं एकमत झालेलं ते पहिलंच असावं.

“मग पन्हळही नको,” मी टेप गुंडाळत म्हणाले. “छप्पर बायकांच्या अंगावर येईल त्या दिवशी मला बोलावू नका, डॉक्टरला बोलवा.”

तोडगा इंदाक्कानं काढला. आमच्या भागात कागदापेक्षा भंडाऱ्याला जास्त मान. तिनं गोदामातल्या हळदीची मूठभर पूड ताटात घेतली, वर बेलाचं पान ठेवलं आणि दोघा भावांना देवळात उभं केलं. तिथं पुजारी, ती आणि मी एवढेच होतो. मलगोंडानं वाकड्या हातानं भंडारा उचलला आणि म्हणाला, नळ चालू हाय तवर मी सांडव्यातनं पाणी सोडणार न्हाई. मग कल्लाप्पानं उचलला आणि म्हणाला, मी सांडवा कधी बुजवणार न्हाई.

“आन् शपथ मोडली तर?” पुजाऱ्यानं विचारलं.

“मोडंल त्यो ह्या घराचा न्हाई,” मलगोंडा म्हणाला. “मग मी त्याचा जीव घेतला तरी भाऊ मारला असं हुणार न्हाई.”

“मंजूर,” कल्लाप्पा म्हणाला.

दोघांनी भंडारा कपाळाला लावला. दोघांनाही ती शपथ मनापासून आवडलेली दिसत होती. इंदाक्काही ताटाकडे हात नेत होती, तेव्हा पुजारी म्हणाला, “तुमी कशाला आक्का? शपथ गडीमाणसांची हाय.” तिनं हात मागे घेतला.

पन्हळ झाली. चांगली झाली. उतार नेमका, सांधे पक्के, नळाच्या तोंडाशी पाणी जमायला कुंडी. शेवटच्या दिवशी मी सांडव्यात हात घातला आणि बोटं पलीकडे अंगणावरच्या उन्हात निघाली. ती हलवून मी खाली उभ्या असलेल्या कल्लाप्पाला नमस्कार केला. तो चक्क हसला. त्या वर्षी पावसाळा आला आणि गेला. नळानं सगळं पाणी ओढलं, सांडव्यातून थेंबही पडला नाही आणि उगारेंच्यात कुणाचं काहीही मोडलं नाही. दिवाळीला इंदाक्कानं माझ्याकडे हळदीचं पोतं पाठवलं. आमच्या घरात ती हळद सरता सरेना.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी गारपीट झाली.

मिरजेत माझ्या ऑफिसच्या पत्र्यावर आधी एकदोन टपके आले आणि मग एकच दणदणाट सुरू झाला. लिंबाएवढ्या गारा. गारा म्हणजे नळाच्या तोंडाला बूच, हे पहिलं माझ्या मनात आलं. सांडवा आहे, काळजी नाही, हे दुसरं. तरी गारा थांबून नुसता पाऊस उरल्यावर मी माझी एम-एटी गाडी काढली आणि निघाले. रस्ताभर कडुलिंबाच्या फांद्या पडल्या होत्या. दोनदा घसरले, गुडघा फुटला.

गोदामात शिरले आणि बघतच राहिले. मधल्या भिंतीवरून पाणी पडद्यासारखं खाली येत होतं. वर पन्हळीचा पत्रा पोट सुटल्यासारखा खाली आला होता आणि छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैच्या कुरकुरत होत्या. बायका गुडघाभर पाण्यातून पोती ओढत होत्या.

“बाहेर व्हा! पोती टाका आणि बाहेर व्हा!” मी ओरडले. निम्म्या पळाल्या. निम्म्या मालकाच्या भीतीनं पोती सोडेनात.

इंदाक्का बाहेर शिडीच्या तळाशी उभी होती. “दोघं वर हायत,” ती म्हणाली. “बाई, दोघं वर हायत.”

मी शिडी चढले. वर गारांचा खच पडला होता. मलगोंडाच्या हातात पहार होती. कल्लाप्पा मधल्या भिंतीवरून अलीकडे उतरलेला, त्याच्या हातात खोरं.

“बुजवलास!” मलगोंडा ओरडत होता. “भंडारा उचलून बुजवलास रं!”

“मी न्हाई! आईच्यान मी न्हाई!”

“मग काय गारांनी बुजवला?”

मलगोंडानं पहार फिरवली. कल्लाप्पानं खोरं आडवं धरलं, त्याचा दांडा मधोमध मोडला आणि पहार त्याच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पावसातही ऐकू आला. तो कोसळला, पण पडता पडता त्यानं थोरल्याचा पाय धरून त्याला खाली खेचलं आणि मोडका दांडा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा. मलगोंडाचे दात गारांत पडलेले मी बघितले. मग दोघे एकमेकांना धरून घरंगळत पन्हळीत गेले. तिथं बर्फासारखं पाणी, वर तरंगत्या गारा. मलगोंडानं भावाचं डोकं पाण्यात दाबलं आणि वर गुडघा ठेवला. कल्लाप्पाचे पाय पत्र्यावर आपटत होते.

मी मध्ये पडले. मलगोंडाच्या गळ्याला हात घालून त्याला मागे ओढलं. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. माझा पुढचा एक दात आजही खोटा आहे. पण तेवढ्यात कल्लाप्पाचं डोकं पाण्याबाहेर आलं आणि त्यानं भावाच्या मनगटाला असा चावा घेतला की मलगोंडा बैलासारखा ओरडला.

यांना सोडवणं माझ्या हाताबाहेरचं होतं. छप्पर वाचवणं कदाचित हातातलं होतं. मी रांगत सांडव्यापाशी गेले, जाळी उपटली आणि हात आत घातला. गोणपाट लागलं. ओढलं तसं ते निघून आलं. पण त्याच्या मागे, पार हात पुरेल तिथं, पलीकडून लिंपलेलं सिमेंट होतं. नखं मोडेपर्यंत मी ते ओरबाडलं. ते हललं नाही.

मागे वळले तर मलगोंडा उभा होता. तोंडातून रक्ताची धार, दोन्ही हातांत उभी धरलेली पहार, टोक खाली. कल्लाप्पा पन्हळीत उताणा पडला होता. त्याच्याभोवतीचं पाणी लाल झालं होतं. त्यानं धडका हात तेवढा वर धरला होता.

“तू ह्या घराचा न्हाईस,” मलगोंडा म्हणाला. ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, आणि म्हणून मला खात्री पटली की आता हा मारणार.

“मलू!”

शिडीच्या वरच्या पायरीवर इंदाक्का होती. कठडा दोन्ही हातांनी कवटाळलेला, डोळे गच्च मिटलेले.

“सांडवा मी बुजवला.”

पहार तशीच वर राहिली.

“त्यानं न्हाई रं, मी बुजवला. अंगणात पाणी पडलं की तुमी एकमेकाचा जीव घेणार, हे मला ठाव हुतं. पाणीच पडलं न्हाई तर भांडाण कुठलं, असं मला वाटलं. आन् मी कुठं भंडारा उचललावता? मला कुणी उचलू दिला?”

कल्लाप्पानं पाण्यातून मान उचलून तिच्याकडे बघितलं. ती नजर मी आजवर विसरले नाही. त्या वेळी मला वाटलं, माणसाला धक्का बसला.

मलगोंडाच्या हातातली पहार हळूहळू खाली आली आणि पत्र्यावर पडली. सुटलो, असं मला वाटलं. देवाची शपथ, मला तसंच वाटलं.

कल्लाप्पा उठला. मोडका खांदा लोंबत होता. तो झोकांड्या खात शिडीपाशी गेला. “तू?” तो म्हणाला. “तू व्हय, अवदसे?” आणि धडक्या हाताची एक सणसणीत चपराक त्यानं तिच्या तोंडात मारली.

मग मलगोंडा गेला. त्यानं तिला केसांना धरून शिडीवरून आत, पत्र्यावर ओढून घेतलं. “आमाला झुंजवतीस?” तो म्हणाला. दात पडल्यामुळं त्याचे शब्द बोबडे येत होते. “सख्ख्या भावांना झुंजवतीस? ह्याला मारलं असतं की गं मी!” एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं लाथ घालायची असं चाललं होतं. ती ओरडली नाही. एकदा तिचं डोकं कठड्याच्या कोपऱ्यावर आदळलं, तेव्हा ‘आई गं’ एवढंच म्हणाली.

मी पहार उचलली. खाली अजून बायका होत्या आणि कैच्यांचा आवाज वाढत चालला होता. मी सांडव्यात घाव घातले. एक, मग आणखी एक, मग मोजले नाहीत. सिमेंटचा तुकडा पलीकडे उडाला आणि पाणी, गारा, गोणपाटाच्या चिंध्या, सगळं गर्जना करत अंगणात कोसळलं. ज्या पाण्यासाठी त्या घरानं कान तोडला, हात मोडला, देवळात भंडारा उचलला, ते पाणी कल्लाप्पाच्या अंगणात धबाधबा पडत होतं. दोघा भावांपैकी कुणी तिकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मग मी वळले आणि मलगोंडाच्या गुडघ्यामागे पहार हाणली. तो मटकन बसला. कल्लाप्पा माझ्याकडे वळला. मी पहार वर धरली. “ये,” मी म्हणाले. तो आला असता तर मी त्याचं डोकं फोडलं असतं, यात मला आजही शंका नाही.

तो आला नाही. धापा टाकत उभा राहिला. “म्याडम,” तो म्हणाला, “आमच्या घरातल्या भानगडीत तुमी पडू नगा.” आणि त्यानं धडका हात थोरल्यापुढे केला. मलगोंडानं तो धरला, उठला, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या आधारानं शिडी उतरून गेले. एकाच रिक्षात बसून एकाच डॉक्टरकडे गेले.

इंदाक्का गारांत पडून राहिली होती. डाव्या कानातून रक्त येत होतं. मी आणि हळदीच्या बायकांनी तिला गोणपाटात बांधून दोरानं खाली उतरवलं.

दवाखान्यात पोलीस आला. “शिडीवरनं पडले,” ती म्हणाली. मी आरडाओरडा करून सगळी हकिकत सांगितली. पोलिसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पहार तर तुमच्याच हातात हुती म्हणत्यात.” तिथं ते प्रकरण संपलं.

ती पुन्हा माहेरी गेली नाही. मिरजेत एक खोली घेऊन राहिली, हळदकुंकवाच्या पुड्या बांधून पोट भरू लागली. त्याच वर्षी भावांनी मधली भिंत पाडली. गोदाम एक झालं, धंदा एक झाला, अंगणात दोघांचे ट्रक उभे राहायला लागले. ते काम त्यांनी मला दिलं नाही, हे सांगायला नकोच.

बऱ्याच वर्षांनी पत्रे बदलायचे म्हणून त्यांचं बोलावणं आलं. मी गेले. का गेले? त्यांना बघायचं होतं. दोघं म्हातारे झाले होते. एकाच बाजेवर बसले होते, एकाच चंचीतून तंबाखू काढत. मलगोंडानं नवी कवळी बसवली होती.

“त्या दिवशी आक्का बोलली म्हणून बरं,” तो म्हणाला. “न्हाईतर मी ह्याला संपवलाच हुता. सगळ्या काड्या तिच्या. आमच्यात काय नव्हतंच, म्याडम. तिनंच पेटवलं.”

मी कल्लाप्पाकडे बघितलं. तो तळहातावरचा तंबाखू मळत होता. मळतच राहिला. “बाईमाणसाचं डोकं,” शेवटी तो म्हणाला आणि वर बघायचं त्यानं टाळलं.

तेव्हा मला ती नजर आठवली. धक्का नव्हता तो. आणि माझ्याच नखांना लागलेलं सिमेंटही आठवलं.

पत्रे न मोजताच मी तिथून उठले आणि थेट इंदाक्काच्या खोलीवर गेले. ती जमिनीवर बसून पुड्या बांधत होती. डावा कान गेला होता, म्हणून मी उजव्या बाजूला बसले.

“आक्का, तुम्ही बुजवला नव्हता.”

तिचे हात थांबले नाहीत.

“सिमेंट पलीकडून लिंपलं होतं. अंगणातून, उंच शिडी लावून. तुम्हाला दोन पायऱ्या चढवत नाहीत. सांडवा कल्लाप्पानं बुजवला. आणि तुमच्यावर पहिला हात त्यानंच टाकला.”

“व्हय,” ती म्हणाली.

“मी आत्ता जाते आणि मलगोंडाला सांगते.”

तिनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतकं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. “आन् मग?” ती म्हणाली. “पहार कुठं ठेवलीया ते मलूला अजून ठाव असंल.”

“पण आक्का, सगळं खापर तुमच्या माथ्यावर! आजसुद्धा तुमच्या नावानं खडे फोडत बसतात दोघं!”

“दोघं?” तिनं विचारलं. “एका जागी बसून?”

“एका बाजेवर बसून.”

तिचा चेहरा असा उजळला की माझा संताप अनावर झाला. मला रडू फुटलं. माझ्यासारख्या बाईला! तिनं पदरानं माझे डोळे पुसले, पहिल्या दिवशी विटेची धूळ पुसली होती तसेच, आणि पुडीला दोरा गुंडाळत म्हणाली,

“तुमीच परातीत दाखवलंवतं की, बाई. भरलं की कुठनंतरी जाणारच. कुठनं जायचं, ते मी ठरवलं.”